नाव घातलेला तांब्या

"दार उघडा, राजे. दार उघडा."

हे म्हणताना मामांचा उजवा हात डोक्याच्या वर गेलेला असायचा. हातात लहानसा पितळी तांब्या, आणि त्यातून पाण्याची बारीक धार खाली ठेवलेल्या बादलीत पडत असायची. समोर कॉटच्या कडेला तीन-चार वर्षांचा एक मुलगा उघडा उभा. कालपर्यंत त्याला लघवीची नळी होती, आज सकाळी ती काढलेली, आणि आता त्याला आपल्या आपण लघवी व्हायला हवी होती. ती होत नसायची. पोरगं भेदरलेलं, आई रडवेली, आणि मी घड्याळाकडे बघत उभी. घाई नसायची ती फक्त मामांना. तांब्या रिकामा झाला की ते वाकून बादलीतलं पाणी परत तांब्यात भरायचे आणि पुन्हा हात वर.

"राजे, पैठणच्या धरणाला किती दारं हैत ठाव हाय का? अन् तुमचं हाय एकच. येवढं एक उघडायला किती येळ लावता?"

पोरगं हसायचं. हसलं की अंग सैल सुटायचं आणि काम व्हायचं, बऱ्याचदा मामांच्या खाकी पँटवर. मामा तसूभर मागे सरकायचे नाहीत. "उघडलं! डॉक्टरबाई, लिवा तुमच्या कागदावर. धरण शंभर टक्के."

मी ते आकड्यात लिहायची, पण आमच्या वॉर्डात बोलताना सगळे टक्क्यांतच बोलायचे. त्या वर्षांत शहरातला प्रत्येक माणूस सकाळी पेपर उघडून आधी धरणात पाणी किती उरलंय ते बघायचा. पाऊस दोन-तीन वर्षं नीट झालेला नव्हता. मामांनी ती सवय वॉर्डात आणली होती, एवढंच.

वॉर्ड म्हणजे सरकारी दवाखान्यातला लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा. मी तिथं शिकाऊ डॉक्टर होते आणि मामा तिथले शिपाई. आपल्याकडे दवाखान्यातला शिपाई म्हणजे मामा आणि आया म्हणजे मावशी, हे तुम्हालाही माहीत असेल. एकदा मामा म्हटलं की पुढं नाव विचारायची कुणाला गरज वाटत नाही. मीही तीन वर्षं रोज त्यांना हाका मारल्या आणि नाव कधी विचारलं नाही. आज याची मला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

आमच्याकडची पुष्कळ मुलं अशी, की ज्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मुलाच्या काळजाला भोक आहे हे लोक पाहुण्यांना सांगतात. पण कमरेखालचं काही जन्मतः चुकलेलं असेल तर सगळं घर तोंड शिवून घेतं. कुणाचं लघवीचं भोक टोकाला असायला हवं ते खालच्या अंगाला, म्हणून तो मुलगा शाळेत उभा राहून लघवी करू शकायचा नाही आणि मार खाऊन यायचा. कुणाची गोटी पोटातच राहिलेली. एक पोरगी नऊ वर्षांची झाली तरी तिचा परकर कायम ओला. आतली एक नळी जन्मापासून भलत्याच जागी उघडलेली, आणि आई मात्र तिला आळशी म्हणून बडवत आलेली. एकदा तर असं बाळ आलं की मुलगा की मुलगी हे तपासण्या झाल्याशिवाय आम्हालाच सांगता येईना, आणि नातेवाईक दारातून माना लांब करून बघायला लागले. मामा दारात आडवे उभे राहिले. "लेकरू झोपलंय," ते म्हणाले, आणि आठ दिवस जो येईल त्याला तेवढंच सांगत राहिले.

त्यांच्या खांद्यावर कायम एक चादर असायची. डॉक्टरांची फेरी सुरू झाली, आम्ही दहा जण एका कॉटभोवती जमलो, की मामा न सांगता ती चादर पडद्यासारखी धरून उभे राहायचे. एकदा मी घाईत होते. म्हटलं, "मामा, चार वर्षांचं पोरगं आहे, त्याला कसली लाज?"

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "लेकरू ल्हान असतंय, त्याची लाज ल्हान नसती."

माझ्या वडिलांची सगळी नोकरी कारकुनीत गेली, आमच्या घरात शहाणपण फक्त पुस्तकांतून येतं अशी समजूत होती. ती मामांनी बरीच कमी केली.

मामा शहरातल्या लष्करी छावणीत राहायचे आणि सायकलवर यायचे. बोलणं मराठवाड्याचं, पण छावणीत वाढल्यामुळं मध्येच "हौ", "नक्को" असं दखनी घुसायचं. सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन. छावणीत तेव्हा पाणी बरं यायचं, वॉर्डातल्या नळाला सकाळी तासभर आलं तर आलं. कॅनमधलं पाणी ते मुलांच्या आयांना वाटायचे. स्वतःच्या त्या खेळाला मात्र एकच तांब्या, दिवसभर तेच तेच पाणी वर-खाली.

"मामा, सकाळपासून तेच पाणी?"

"आवाजाला काय ताजं अन् शिळं?" ते म्हणायचे. संध्याकाळी ते पाणी वॉर्डामागच्या कण्हेरीला जायचं. त्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या आवारात हिरवं असं तेवढंच काय ते उरलं होतं.

आता किसनाचं सांगते. खरं तर मामांचं सांगायचं म्हणजे किसनाचंच सांगायचं.

किसना पाच वर्षांचा, पाचोडजवळच्या एका वस्तीवरचा. लघवीच्या वाटेत जन्मापासून एक बारीकसा पडदा. मुलगा लघवी करतोय असं दिसतं, पण जोर लावून थेंब थेंब, आणि बाकीचं मागं तुंबत राहतं. तुंबता तुंबता मूत्राशय फुगतं, मग मूत्रपिंडं फुगतात. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी दिलं, बेंबीला चुना लावला, आणि त्यात चार वर्षं गेली. आमच्याकडे आला तेव्हा एक मूत्रपिंड कामातून गेलेलं होतं. पडदा दुर्बिणीतून काढला, धार सुरू झाली. मामांनी शंभर टक्के जाहीर केलं, आणि किसनाची आई सुमन भिंतीकडे तोंड करून रडली.

पण उरलेलं मूत्रपिंड दुबळं झालं होतं. असं मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. मूल पाण्यासारखी पांढरी लघवी दिवसभर करत राहतं, आणि जेवढं जातं तेवढं वरून घालावं लागतं. नाही घातलं तर तेही मूत्रपिंड जातं. मी घरी पाठवताना कागदावर गोळ्या लिहिल्या, तारीख लिहिली, आणि शेवटी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: भरपूर पाणी द्यावे.

दीड महिन्यानं सुमन किसनाला खांद्यावर टाकून आली. डोळे खोल, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. रक्ताचा रिपोर्ट त्याहून वाईट. आणि मग मी जे केलं ते इथं सांगायलाच हवं. मी तिच्यावर ओरडले. सगळ्या वॉर्डासमोर. "सांगितलं होतं ना भरपूर पाणी द्या म्हणून? कागदावर लिहून दिलं होतं!"

"दिलं की, ताई," ती म्हणाली. "घरात समद्यास्नी येळेला एक पेला. याला दोन देत हुते. भरपूर म्हणलं हुतं ना तुमी."

वस्तीवर टँकर चार दिवसांनी यायचा. धरण त्याच तालुक्यात, पण धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात तसं. त्यांच्या वाट्याला दोन-तीन हंडे. हंड्यांजवळ सासू झाकण धरून बसायची. ती दुष्ट नव्हती, सात माणसं जगवत होती. तिच्या मते पोरगं पाणी पितं म्हणून मुततं, मुततं म्हणून कपडे धुवावे लागतात, आणि धुवायला पाणी कुठलं? तरीसुद्धा सुमननं भांडून दुसरा पेला मिळवला होता. बायकांनी नावं ठेवली, तरी मिळवला होता.

मामा सलाईनचा स्टँड धरून मागं उभे होते. ते मला सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. नंतर औषधांच्या कपाटाशी गाठलं.

"डॉक्टरबाई, भरपूर म्हंजे किती तांबे?"

मी हिशोब केला. त्यांचा तांब्या मागून घेतला, मापात ओतून बघितला. "दिवसाला चार."

"मग तसं म्हणा की," मामा म्हणाले. "भरपूर कुनी बघितलंय हितं?"

किसना पंधरा दिवस राहिला. त्या दिवसांत मामा आणि सुमनच्या गप्पा चालायच्या. मी कानाआड करायची. माहेर कुठलं? आईबाप हैत का? भाऊ किती? सुमन म्हणाली, आईबाप गेले, भाऊ नाही. मामा "हौ" म्हणून मान हलवत राहिले. पोरगं मरणाच्या दारात आणि हे सोयरीक जुळवल्यासारखे काय विचारत बसलेत, असं मला वाटलं. पुढं त्यांनी विचारलं, तुमच्या वस्तीवरून पैठणची एसटी कितीला जाते? सुमननं सकाळपासूनच्या सगळ्या गाड्या सांगितल्या. फुगून सैल पडलेलं मूत्राशय वेळच्या वेळी पूर्ण रिकामं व्हावं लागतं, म्हणून मामांनी किसनाला समोर उभं केलं.

"राजे, नीट ऐका. गाडी गेली की मुतायचं. लागली असंल तरी, नसंल तरी. एकदा झालं की शंभर म्हणायचं अन् पुन्यांदा करायचं. समजलं? डायवर तुमच्यासाठी हारन वाजवत जाईल."

किसनाला शंभर म्हणता येत नव्हतं. तो वीसवरून थेट शंभरावर उडी मारायचा. मामांनी ते चालवून घेतलं.

घरी जायच्या आदल्या दिवशी मामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर उन्हात सायकलवर औरंगपुऱ्यात गेले. आले ते पेपरात गुंडाळलेली वस्तू घेऊन. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात ना, तसं नाव घालून आणलेला पितळी तांब्या. त्यांचाच. घासून लख्ख केलेला. त्यांनी तो सुमनच्या हातात दिला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सुमननं अक्षरांवरून बोट फिरवलं, तिचा चेहरा कसानुसा झाला, आणि ती एकदम मामांच्या पाया पडली. मी लांब उभी होते. किसनाचं नाव घातलं असणार, दुसरं कुणाचं घालणार?

"मामा, त्या तांब्यानं काय होणार?" मी विचारलं. माझा स्वभाव असा, चांगल्या गोष्टीला आधी नाक मुरडते.

"तुमी कागद देता. घरात कागद कोण वाचतंय? भांडं समद्यास्नी वाचता येतंय."

त्यानंतर मामा दुसरा तांब्या वापरायला लागले, जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. त्याचा आवाज तसा नव्हता, ते स्वतःच म्हणायचे.

सुमन दोनदा दाखवायला आली. किसनाचे गाल भरले होते, रिपोर्ट सुधारलेला. गाडीची वेळ झाली की तो दवाखान्यातसुद्धा उठून जायचा, इतका त्या एसटीला बांधलेला. तिसऱ्या वेळच्या तारखेला ती आली नाही. चौथ्या वेळीही नाही. टाकलेलं पत्र परत आलं, वस्तीवरची माणसं कामासाठी बाहेर गेली म्हणून. तेव्हा निम्म्या मराठवाड्याचं तसंच चाललं होतं.

मंगळवारी आमची बाह्यरुग्णांची ओळ लागायची. मामांची ड्यूटी वॉर्डात, पण मंगळवारी अकराच्या सुमाराला ते काहीतरी निमित्त काढून खाली यायचे आणि दाराशी उभे राहून ओळ शेवटपर्यंत बघायचे. खांद्यावर चादर, एक हात चौकटीवर. मी एकदा म्हटलं, "येईल मामा. नाही आला म्हणजे बराच असेल."

"बरी झाल्याली लेकरं म्हागारी येत नसत्यात, डॉक्टरबाई. आपली आठवण नाय काढली म्हंजी बरंच म्हणायचं." ओळ संपेपर्यंत ते चौकटीशीच उभे राहिले. मग म्हणाले, "पर जी नाय राहिली, ती बी येत नसत्यात."

माझं शिक्षण संपलं. मी शहराच्या कडेला, जिथं माझ्या लहानपणी बाजरीची शेतं होती तिथं, दवाखाना काढला. बघता बघता आजूबाजूला चार मजली इमारती उभ्या राहिल्या. नळ आठवड्यातून एकदा, बाकी दिवस टँकर. इमारतींची नावं मात्र सगळी नद्यांची. मामा निवृत्त झाले, पण त्यांची सायकल महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या दारात यायची. एवढ्या लांब, छावणीपासून. आत येऊन बसायचे, कंपाउंडरला छळायचे, माझ्या टेबलावरच्या बाटलीकडे बघून "किती टक्के?" विचारायचे. जाताना, चपला घालता घालता, आत्ताच आठवल्यासारखं विचारायचे, "पाचोडकडलं कुनी आलं हुतं का?"

सुरुवातीला मी सविस्तर नाही सांगायची. पुढं नुसती मान हलवायची. शेवटी शेवटी मला तो प्रश्न नकोसा झाला, कारण माझ्या मनात उत्तर ठरलेलं होतं. अशा मूत्रपिंडाची मुलं पाण्यावाचून किती काढतात हे मला पुस्तकातून माहीत होतं.

मग मामाच आजारी पडले. म्हातारपणी पुरुषांना होतं तेच, लघवी अडकली. त्यांच्या मुलीनं मला फोन केला तेव्हा ते मोठ्यांच्या वॉर्डात होते. केसपेपरवर मी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं. चांगलं भारदस्त नाव होतं, आणि ते कुणा परक्या माणसाचं वाटलं. सकाळी नळी काढली होती, दुपार झाली तरी लघवी होत नव्हती, आणि पुन्हा नळी घालायचं नर्सबाई म्हणत होत्या. मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले. अंगानं फार उतरले होते.

मी कोपऱ्यातली रिकामी बादली पुढं ओढली आणि प्लॅस्टिकचा मग उचलला. बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. त्यांना धरून कॉटच्या कडेला बसवलं, लघवीचं भांडं दिलं, आजूबाजूला बघितलं आणि त्यांच्याच अंगावरची चादर घेऊन कॉटच्या दांडीला आडवी बांधली. मग चादरीच्या अलीकडे उभी राहून हात डोक्याच्या वर नेला.

"दार उघडा, राजे."

आतून मामा हसायला लागले. बारीक, खोकल्यासारखं हसणं. मी बादलीतलं पाणी परत मगात भरलं आणि पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा भरत होते तेव्हा चादरीपलीकडून त्यांचा आवाज आला, "किती टक्के म्हणायचं, बाई? तीस-पस्तीस लिवा."

मी लिहिलं. मग त्यांच्याजवळ बसले. त्यांना चपला घालायच्या नव्हत्या, तरी तोच प्रश्न विचारला.

आणि मी खोटं बोलले. "आला होता, मामा. मागच्याच महिन्यात. उंच झालाय, मिसरूड फुटलंय. सुमनही होती. तुमची आठवण काढत होते."

मामा उशीवरून माझ्याकडे बघत राहिले. "तांब्या हुता संगं?"

"होता की."

"नाव दिसतंय का आजून?"

"अगदी ठळक. किसना."

मामांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "बरं झालं," म्हणाले. "लई बरं झालं सांगितलंत." मी बाहेर आले ती स्वतःवर खूश होऊन. मरत्या माणसाला समाधान दिलं म्हणून. त्याच उन्हाळ्यात मामा गेले.

त्यालाही वर्षं झाली. गेल्या वर्षी, पुन्हा एक पाऊस बुडालेला असताना, माझ्या दवाखान्यात पन्नाशीकडे झुकलेली एक बाई आली. नंबर न लावता बाकावर कडेला बसली होती. सगळे गेल्यावर आत आली, पिशवीतून फडक्यात बांधलेलं काही काढून टेबलावर ठेवलं. मी चेहऱ्याआधी तांब्या ओळखला. पोचे आलेले, काठ झिजलेला, पण घासून लख्ख.

"किसना?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"बाहेर हाय, गाडी लावतोय," सुमन म्हणाली. "कंपनीत लागलाय शेंद्र्याला. एकाच मूत्रपिंडावर चाललंय, गोळ्या चालू हैत. पुण्याकडं हुतो आमी लई वर्सं, तिथं दाखवीत हुते मी. खाडा नाय केला, ताई."

मी तांब्या हातात घेऊन फिरवला. अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती. त्यावर किसनाचं नाव नव्हतंच. लिहिलं होतं: सौ. सुमन हिस बंधूकडून सप्रेम.

सुमन सांगत होती. "पोराच्या नावाचं भांडं घरात कोण मानतंय? पर माहेरचं भांडं, त्यात भावानं दिल्यालं. त्याला सासरचं माणूस हात लावत नाय आमच्यात. सासूनं इचारलं, भाऊ कुठनं आला गं तुला? म्हणलं, दवाखान्यात भेटला. ती नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून तांब्यातल्या पाण्याला कुनी नाय म्हणलं नाय. पुढं पुढं तर टँकर आला की सासूच पयला ह्यो तांब्या पुढं करायची."

मला ऐकू येत होतं आणि नव्हतंही. माझ्या डोळ्यांपुढं मामांचं ते उशीवरून बघणं आलं. नाव अजून दिसतंय का हे त्यांनी मला विचारलं, मी ठळकपणे चुकीचं सांगितलं, आणि त्यांना त्याच क्षणी कळलं की कुणीही आलेलं नाही. तरी त्यांनी माझा हात थोपटला. समाधान मी त्यांना दिलं नव्हतं, त्यांनी मला दिलं होतं. आणि किसनाचं काय झालं ते न कळताच ते स्वतः गेले. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. साठीला आलेल्या डॉक्टरबाईला रडताना बघून किसना दारातच थांबला.

सुमन आली होती ती किसनाच्या लग्नासाठी. पत्रिकेत मामाचं नाव घालायचं होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. मला केसपेपरमुळं माहीत होतं, म्हणून कागदावर लिहून दिलं. तिनं दोन-तीनदा वाचलं आणि म्हणाली, "हे नाव व्हय? मी मनात दुसरंच धरलं हुतं." मी ते इथं लिहीत नाही. तुम्हीही त्यांना मामाच म्हणा. मग मामा आता नाहीत हे मी तिला सांगितलं. तिनं तांब्या परत फडक्यात बांधला, गाठ सोडली, पुन्हा बांधली. निघताना हळूच विचारलं, पोरीकडच्यांना सगळं सांगितलंय, लपवलं काही नाही, पण लेकरंबाळं होतील ना? मी म्हटलं, एक तपासणी करून घेऊ, पण न व्हायला काही कारण मला दिसत नाही.

लग्न वस्तीवरच होतं. मांडवाला लागूनच पाण्याचा टँकर उभा. भटजींनी हाक दिली, "मुलाचे मामा कुठं आहेत? मागं उभे राहा." सुमननं किसनाच्या मागं पाट मांडला, पाटावर तांदूळ, आणि तांदळावर तो तांब्या, काठोकाठ भरलेला. भटजींनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुढची मंगलाष्टकं सुरू केली. पाटाला कुणाचा पाय लागू नये म्हणून किसनाची आजी, तीच ती झाकण धरून बसणारी सासू, काठी आडवी धरून शेजारी बसून होती.

अक्षता पडल्या. दुपारचं ऊन, अंगावर शेरवानी. किसना वळला, खाली वाकून त्यानं मामांचा तांब्या उचलला आणि उभ्यानं, एका दमात, सगळा पिऊन टाकला. फोटोवाला थांबा थांबा म्हणत होता.

थोड्या वेळानं नवरदेव गुपचूप उठून मांडवामागं गेला. सुमन माझ्याजवळ उभी होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. बँड वाजत होता, बायका जेवायला बसत होत्या, आणि आम्ही दोघी कनातीकडे कान लावून उभ्या राहिलो.

किसना मुंडावळ्या सावरत परत आला. भरल्या मांडवात त्याची आई त्याच्याकडे बघत होती. तो लाजला आणि मान हलवली. झाली.

सुमननं पाटावरचा रिकामा तांब्या उचलून माझ्या हातात दिला.

"भरून आणा, ताई," ती म्हणाली. "मामा उभे हैत आजून."